गुलाबी-जांभळ्याच्या घोळात: खोलीचा रंग ठरवताना सांगलीकर विचारतात ते प्रश्न

गणपती पेठेजवळच्या आमच्या रंगाच्या दुकानात मी काउंटर सांभाळते आणि डब्यात शेड मिसळून देणारं टिंटिंग मशीनही मीच चालवते. पांढरा, क्रीम, बदामी मागणारं गिऱ्हाईक पाच मिनिटांत मोकळं होतं. गुलाबी-जांभळ्यात अडकलेलं माणूस मात्र शेडकार्ड घरी नेतं, परत आणतं, दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन येतं, तिसऱ्या दिवशी बहिणीशी भांडून एकटं येतं. प्रश्न सगळ्यांचे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली.

शेडकार्डावरचे चार रंग मला तर एकसारखेच दिसतात. त्यांत खरंच काही फरक असतो का, की कंपन्या नुसती नावं वाढवतात?

फरक असतो. पण तो कार्डाकडे नुसतं बघून कळत नाही, शोधावा लागतो. मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी बघायला सांगते. पहिली म्हणजे रंगाचा कल: तो गुलाबीकडे झुकतोय की निळ्याकडे. दुसरी, त्यात राखाडी किती आहे, म्हणजे रंग स्वच्छ आहे की मळवलेला. तिसरी, तो किती फिका आहे. लोक सगळा वेळ तिसरीवर घालवतात. नंतर रडायची पाळी येते ती पहिलीमुळे.

कल ओळखायची एक सोपी युक्ती आहे. फिका रंग आपला स्वभाव लपवतो, म्हणून त्याच्याच पट्टीतला सगळ्यात गडद रंग बघा. वरचे दोन फिके चौकोन जुळ्या भावांसारखे असतील, पण एका पट्टीचं टोक राणी रंगात संपेल आणि दुसऱ्या पट्टीचं वांग्याच्या रंगात. भिंतीवर गेल्यावर तो फिका रंग त्या टोकाच्याच वळणावर जाणार.

आणि कार्ड टेबलावर आडवं ठेवून बघू नका. भिंत उभी असते, कार्डही उभं धरा. एका कोऱ्या पांढऱ्या कागदाला चौकोनी खिडकी कापा आणि एका वेळी एकच शेड त्यातून बघा. शेजारचे रंग झाकले की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

लॅव्हेंडर, लायलॅक, मॉव्ह, ऑर्किड, प्लम... हे नक्की कोणते रंग?

ही बहुतेक फुला-फळांची परदेशी नावं. लॅव्हेंडरचं झाड आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलंय? मला विचाराल तर या रंगांसाठी शेडकार्डापेक्षा साडीच्या दुकानातली भाषा कितीतरी नेमकी आहे. हरभट रोडवर साडी घ्यायला गेलेली बाई 'राणी नको, जरा गुलबक्षीकडचा दाखवा' असं सहज म्हणते आणि समोरच्याला ते कळतंही. तीच बाई आमच्याकडे येऊन 'लाइट पर्पल' म्हणते आणि मग सगळाच घोळ.

म्हणून मी उलटं भाषांतर करते. लॅव्हेंडर म्हणजे फिका जांभळा, कल निळ्याकडे. चिंतामणी रंगात भरपूर पांढरा ओतल्यासारखा. लायलॅक त्याच्या शेजारचा, पण किंचित गुलाबी. ऑर्किड म्हणजे ताम्हणाच्या फुलाचा ताजा रंग. ताम्हण आपल्या राज्याचं फूल, उन्हाळ्यात फुलतं, आणि जुनं होत आलेलं फूल फिकट पडत लायलॅककडे सरकतं. एकाच फांदीवर दोन शेड बघायला मिळतात. मॉव्ह म्हणजे मळवलेला गुलाबी-जांभळा. साडीवाले ज्याला कांदा कलर म्हणतात तो याचा गुलाबी बाजूचा चुलत भाऊ. प्लम म्हणजे पिकल्या जांभळाची साल किंवा गडद वांगी. मॅजेंटा म्हणजे सरळ आपला राणी. वाइन म्हणून जे दाखवतात ते आपल्या अंजिरीच्या जवळ जातं.

जाता जाता सांगते, मॉव्ह हे नाव रंगांच्या धंद्यात गाजलं ते एका चुकीतून. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनाइन बनवायला गेला आणि भांड्यात जांभळा रंग तयार झाला. माणसानं बनवलेला पहिला गाजलेला कृत्रिम रंग तोच. मॅजेंटाचं नाव तर इटलीतल्या मॅजेंटा गावाजवळ १८५९ मध्ये झालेल्या लढाईवरून पडलंय. बेडरूमला लढाईचं नाव, असो.

नावावर मात्र रंग घेऊ नका. एका कंपनीचा लायलॅक दुसरीच्या लॅव्हेंडरपेक्षा निळा असू शकतो. तुमची निवड म्हणजे कार्डावरचा नंबर. नाव विसरलात तरी चालेल.

दुकानात छान गुलाबीसर दिसत होता. घरी लावला तर निळा! मशीननं चूक केली का?

मशीनची चूक क्वचित असते. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

शाळेत तानापिहिनिपाजा पाठ केलंत ना? तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. त्या ओळीत गुलाबी-जांभळा, म्हणजे राणी किंवा मॅजेंटा, कुठेच नाही. इंद्रधनुष्यातही तो सापडत नाही. ओळीच्या दोन टोकांचा, 'ता' आणि 'जा' कडचा प्रकाश डोळ्यात एकदम शिरतो आणि मधला हिरवा येत नाही, तेव्हा मेंदू या दोन टोकांची गाठ मारून हा रंग तयार करतो. पिवळ्या भिंतीचं तसं नाही, ती सकाळ-संध्याकाळ थोडीफार बदलली तरी पिवळीच राहते. गुलाबी-जांभळा मात्र दोन टोकांवर उभा आहे. उजेडात तांबडं कमी पडलं की तो निळ्याकडे कलंडतो, निळं कमी पडलं की गुलाबीकडे.

आता दिव्यांकडे या. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे आपल्या घरोघरी असते ती पांढरीफेक ट्यूब, जिचा उजेड खरं तर निळसर असतो. ६५०० खाली लायलॅक थंड आणि जांभळा दिसतो. २७०० खाली तोच लायलॅक गुलाबी, आणि मळवलेला असेल तर चक्क तपकिरीकडे जातो. दुकानात बहुतेक वेळा भरपूर दिवे आणि रस्त्यावरचं ऊन एकत्र असतं. तुमच्या खोलीत रात्री एक ट्यूब. रंग तोच, उजेड दुसरा.

अजून एक गंमत आहे. दोन शेड एका दिव्याखाली तंतोतंत सारख्या आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात, कारण आत वापरलेली रंगद्रव्यं वेगळी असतात. पडद्याशी भिंत जुळवायला निघालेल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. कापडाचा रंग आणि डब्यातला रंग दिवसा जुळला म्हणून रात्री जुळेलच असं नाही.

तिन्हीसांजेचं गणित आणखी वेगळं. दिवा लावायच्या आधी खोलीत अंधुक उजेड असतो, तेव्हा डोळ्याला तांबडा आधी दिसेनासा होतो आणि निळा टिकून राहतो. त्या वेळी सगळेच गुलाबी-जांभळे राखाडी-निळे दिसतात. त्यावर उपाय नाही, उठून दिवा लावायचा.

मग आधी दिवे बदलू की रंग ठरवू?

आधी दिवे. ज्या दिव्याखाली राहणार तो लावा आणि मग नमुना बघा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो, तो ९० च्या वर असेल तर हे रंग जास्त खरे दिसतात. साधारण बल्ब ८० च्या आसपासचे असतात, त्यांच्याखाली तांबडी छटा थोडी मरते.

आमची खोली उत्तरेला आहे. इंटरनेटवर लिहिलंय की उत्तरेकडच्या खोलीला थंड रंग देऊ नका, लॅव्हेंडर तर नकोच.

ते लिहिणारा लंडनच्या आसपास राहत असणार. तिकडे वर्षातला बहुतेक काळ उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, दिवसभर निळसर उजेड असतो, त्यामुळे त्यांचं बरोबर आहे. सांगली १७ अक्षांशाच्या जरा खाली आहे. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडूनच जातो. उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, तुम्ही बघितलंच असेल. हिवाळ्यात मात्र अजिबात येत नाही.

म्हणून माझा सल्ला: उत्तरेच्या खोलीला जांभळा द्या, फक्त गुलाबी कलाचा घ्या. दक्षिणेच्या खोलीत डिसेंबरचं ऊन आतपर्यंत येतं, तिथे निळसर लॅव्हेंडर छान शांत दिसतो. पश्चिमेच्या भिंतीचा प्रश्न खरा अवघड. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचनंतरच्या नारिंगी उन्हात फिका गुलाबी-जांभळा पीच दिसायला लागतो. काहींना ते आवडतं. मलाही आवडतं.

पावसाळ्यात उजेड सगळीकडून सारखा आणि निळसर असतो. जुलैमध्ये निवडलेला रंग मे महिन्यात जास्त गुलाबी वाटेल, हे गृहीत धरा.

नमुना कसा लावून बघायचा? पेंटर म्हणतो, 'ताई, कशाला वेळ घालवताय, कार्डावर आहे तसाच येतो.'

पेंटरला दसऱ्याच्या आत चार घरं उरकायची असतात, त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. तरी नमुना लावाच.

भिंतीवर थेट पट्टे मारण्यापेक्षा जाड कार्डशीट घ्या, निदान दोन फूट बाय दोन फुटांचं. त्यावर दोन हात मारा, कडेला दोन बोटं पांढरी जागा सोडा. पांढरी कड महत्त्वाची. जुनी भिंत पिस्ता किंवा पिवळी असेल आणि त्यावर थेट नमुना लावला, तर जुना रंग नव्याला ढकलतो. हिरव्यावर कुठलाही गुलाबी जास्तच गुलाबी दिसतो. कार्डशीटचा दुसरा फायदा म्हणजे ते हलवता येतं. खिडकीसमोरच्या भिंतीवर धरा, मग खिडकीच्याच भिंतीवर धरा, कोपऱ्यात धरा. एकाच खोलीत तीन रंग दिसतील.

ओला असताना काहीही ठरवू नका. इमल्शन ओलं असताना दुधाळ, फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. एक रात्र जाऊ द्या. मग सकाळी सातला, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री ट्यूब लावून बघा. आणि ज्या वेळी तुम्ही खरंच त्या खोलीत असता त्या वेळेला जास्त किंमत द्या. नवरा-बायको दोघं नोकरीला जात असतील तर बेडरूम दुपारी बाराला कशी दिसते याचं काय करायचंय? रात्री नऊला कशी दिसते ते बघा.

काही कंपन्या नमुन्यासाठी छोटी डबी देतात. नसेल तर एक लिटर घ्यावा लागतो. तो खर्च जिवावर येतो, मला माहीत आहे. पण अख्खी खोली दुसऱ्यांदा रंगवण्यापुढे तो काहीच नाही.

तीन शेडचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले तर सांगाल का कुठली घेऊ?

नाही सांगणार. मोबाइलचा कॅमेरा उजेड स्वतःच्या मनानं दुरुस्त करतो आणि जांभळ्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसतो. तुमच्या स्क्रीनवर वेगळा, माझ्या स्क्रीनवर वेगळा. एकच उपयोग आहे: तिन्ही नमुने एकाच फोटोत घेतले तर त्यांतला कुठला जास्त गुलाबी आणि कुठला जास्त मळकट एवढं कळू शकतं.

कार्डावर इतका नाजूक होता, चारही भिंतींना लावल्यावर भडक झाला. असं का?

कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात. या भिंतीवरून गुलाबी उजेड त्या भिंतीवर जातो, तिथून अजून गुलाबी होऊन परत येतो. कोपऱ्यात जाऊन बघा, तिथे रंग सगळ्यात घट्ट दिसेल. कार्डावरच्या पेरभर तुकड्याला हे भाग्य मिळत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही रंगाच्या दुकानात बसून. विश्रामबागेतल्या आमच्या बेडरूमला मी दुकानातल्या ट्यूबखाली एक लायलॅक पसंत केला. स्वच्छ, गोड, पेरूच्या गरावर थोडी जांभळी सावली पडल्यासारखा. माझा रोजचा धंदा, मला काय नमुना बघायचाय, असा तोरा होता. चार भिंती झाल्या आणि खोली बडीशेपेच्या गोळ्यांच्या बरणीसारखी दिसायला लागली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, एकदा सगळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'बारसं हाय का कुणाचं?' दोन वर्षं आम्ही त्या बरणीत झोपलो.

तेव्हापासून मी सांगते: आवडलेल्या शेडपेक्षा एक घर फिकी घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे तेवढीच गडद पण जास्त राखाडी घ्या. कार्डावर जो रंग थोडा मळका, थोडा उदास वाटतो, तोच भिंतीवर गेल्यावर शहाणा दिसतो. या घराण्यात स्वच्छ रंग फार लवकर बालवाडीकडे जातात.

फरशी, दारं, पडदे यांचा किती विचार करायचा?

फरशीचा सगळ्यात जास्त, कारण ती बदलणार नाही. शहाबादी फरशी करडी-निळसर, तिच्यावर निळ्या कलाचा लॅव्हेंडर दिला की खोली दवाखान्यासारखी गार वाटते. तिथे गुलाबी कल घ्या. जुन्या घरात लाल कोबा असेल तर उलट. कोबा स्वतःच खालून तांबडा उजेड फेकतो, म्हणून रंग निळ्याकडचा घेतला तरी तो मधोमध येऊन बसतो. क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्स कुठल्याही शेडला थोडं पिवळं करतात.

सागवानी दारं आणि पिवळसर लाकूड यांचं जांभळ्याशी जुनं नातं आहे. पिवळा आणि जांभळा समोरासमोरचे रंग, शेजारी आले की दोघंही ताठ होतात. सांगलीत हे समजवायला सोपं जातं. हळदीच्या राशीशेजारी फिका जांभळा कागद धरून बघा, गडद केल्यासारखा दिसेल. म्हणून दारं-खिडक्या पिवळट पॉलिशच्या असतील तर भिंत जराशी आवरती घ्या. अक्रोडी, गडद सनमायका असेल तर ती अडचण येत नाही.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. दाट झाडी असेल तर हिरवा उजेड आत येतो आणि गुलाबीतला जीव काढतो. शेजाऱ्याची पिवळी भिंत चार फुटांवर असेल तर ती तुमच्या खोलीचा भाग आहे असंच समजा.

पडदे शेवटी. पडदे भिंतीला शोधता येतात. भिंत पडद्याला शोधायला लागलात की दिवाळी उलटून जाते.

चारही भिंतींना द्यावा की एकाच?

फिका, मळवलेला असेल तर चारही. गडद वांगी, राणी, अंजिरी असेल तर एकच, शक्यतो पलंगाच्या डोक्यामागची, म्हणजे झोपताना तुमच्या डोळ्यांसमोर येत नाही. बाकीच्या तीन भिंतींना थंड दुधी पांढरा नको. त्याच पट्टीतला सगळ्यात फिका रंग घ्या. आणि सिलिंग पांढरंच ठेवा, हे माझं मत.

मला जांभळा दिसतो, ह्यांना निळा दिसतो, सासूबाईंना तिसराच. भांडणं व्हायची वेळ आलीय.

कदाचित तिघंही खरं बोलताय. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा पुरुषांमध्ये बायकांपेक्षा खूप जास्त आढळतो, कारण तो एक्स गुणसूत्रावरून येतो आणि पुरुषाकडे ते एकच असतं. अशा माणसाला जांभळ्यातला तांबडा नीट दिसत नाही, तेव्हा जांभळा त्याच्यासाठी निळाच. काहींना हे चाळिशीपर्यंत कळलेलं नसतं, आणि कळतं ते आमच्या काउंटरवर.

वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, निळा कमी पोचतो. मिरजेला जाऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेल्या एक आजी दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, 'बाई, माझ्या घराची भिंत जांभळी हाय हे मला आत्ता कळलं, मी इतकी वर्षं तिला करडी म्हणत होते.'

त्यामुळे खोली ज्याची, शेवटचा शब्द त्याचा. बाकीच्यांना हॉल द्या भांडायला.

गडद वांगी रंगाला पेंटर तीन हात सांगतोय. फसवतोय का?

बहुधा नाही. ज्या तयार रंगात मशीन शेड मिसळतं तो बेस. फिक्या शेडच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य, टायटॅनियम डायऑक्साइड, भरपूर असतं आणि खालचं झाकायचं काम तेच करतं. गडद शेडच्या बेसमध्ये ते अगदी कमी असतं, नाहीतर रंग गडद होणारच नाही. शिवाय राणी-जांभळ्यातली रंगद्रव्यं स्वभावतः पारदर्शक आणि महाग असतात. म्हणून हातही जास्त लागतात आणि डबाही महाग पडतो. प्रायमरमध्ये थोडा त्याच रंगाचा किंवा राखाडी स्टेनर (बाटलीतला घट्ट रंग) मिसळून घेतला तर एक हात वाचू शकतो. हे पेंटरला आधी सांगा, पांढरा प्रायमर मारून झाल्यावर नाही.

घर नदीकडच्या भागात आहे, भिंतीला ओल येते. जांभळा चालेल का?

ओल असलेल्या भिंतीवर कुठलाच रंग चालत नाही, पण जांभळ्यावर ती लपत नाही. खालून लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, वर आला की पांढरी भुकटी पांढऱ्या भिंतीवर कुणाच्या लक्षात येत नाही, मॉव्हवर मात्र नकाशा उमटतो. २०१९ च्या महापुरानंतर गावभागातली, सांगलीवाडीतली कितीतरी माणसं दिवाळीच्या आत रंग मारायला निघाली होती. भिंती वरून कोरड्या, आतून भिजलेल्या. ज्यांनी घाई केली त्यांचे पोपडे पुढच्या उन्हाळ्यात निघाले.

तपासायला सोपं आहे. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं, तर भिंतीत पाणी आहे. थांबा. पंखे, उघड्या खिडक्या, आणि अख्खा उन्हाळा मिळाला तर उत्तम. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतलात तर तो विरघळून परत आत जातो. गळती नळाची आहे की छताची की जमिनीतून वर चढतेय हे शोधल्याशिवाय वॉटरप्रूफ म्हणून काहीही मारून घेऊ नका.

जुन्या वाड्यांत चुन्याचे थरावर थर असतात. त्यांवर थेट इमल्शन मारलं तर चुन्यासकट पापुद्रा सुटतो. तो खरवडावाच लागतो. नवं बांधकाम असेल तर गिलावा निदान महिनाभर वाळू द्या. ताज्या सिमेंटमधला क्षार रंगावर चट्टे पाडतो, आणि गुलाबी-जांभळ्यावर ते लगेच दिसतात.

मॅट घेऊ की चमक असलेला?

भिंतीची पुट्टी चांगली घासलेली असेल तर थोडी चमक चालते, पुसायला बरी. नसेल तर मॅट, कारण चमकेमुळे प्रत्येक उंचवटा दिसतो. गडद मॅटवर मात्र हात घासल्याच्या पांढुरक्या खुणा पडतात.

स्विचबोर्डाजवळ हळदीचा हात लागणं हे आपल्या घरांत ठरलेलंच. फिक्या जांभळ्यावर हळदीचा डाग पडला तर आधी साबण लावू नका. साबणातल्या क्षारानं हळद लाल होते आणि पिवळ्याचा तांबूस डाग होऊन बसतो. ओल्या फडक्यानं हलकंच टिपा, बाकी काम उजेड करतो. खिडकीचं ऊन पोचत असेल तर हळद काही दिवसांत स्वतःच उडते.

हा रंग उन्हानं उडतो का?

घरात, चांगल्या कंपनीच्या मशीनवरच्या शेडमध्ये, फारसा नाही. बाटलीतल्या स्वस्त स्टेनरनं हातानं कालवलेला गुलाबी पश्चिमेच्या भिंतीवर लवकर फिका पडतो, आणि पुन्हा तसाच कालवताही येत नाही. बाहेरच्या भिंतीला हे रंग देऊच नका.

वास्तूप्रमाणे जांभळा चालतो का?

ते मला विचारू नका. वास्तूवाल्यांनी जांभळा सांगितला म्हणून आलेले आणि नको सांगितला म्हणून परत गेलेले, दोन्ही पाहिलेत.

दहा बाय बाराच्या खोलीला किती रंग लागेल?

चार भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, उंची १० फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा करून ४०० धरा. दोन हातांना एक लिटर साधारण १०० ते १४० चौरस फूट जातो, भिंत किती पिते यावर. तेव्हा चार लिटर. गडद असेल तर जास्त.

सगळा रंग एकाच वेळी काढून घ्या. कमी पडला म्हणून आठ दिवसांनी आणलेला डबा त्याच नंबरचा असला तरी केसभर फरक पडू शकतो, आणि गुलाबी-जांभळ्यात केसभर फरक भिंतीच्या मधोमध रेघ होऊन दिसतो. दोन डबे असतील तर पेंटरला मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा. तरीही कमी पडलाच तर नवा डबा कोपऱ्यापासून सुरू करा.

सगळं केलं. आता दोनच शेड उरल्यात आणि ठरतच नाही.

मग दोन्ही चांगल्या आहेत. एक भिंतीवर गेली की दुसरी शेजारी नसेल, आणि शेजारी नसेल तर तो फरक तुम्हालाही आठवणार नाही. कल बरोबर निवडलात, मळकटपणा बरोबर निवडलात, तर पुढचा एक नंबर इकडे-तिकडे कुणाला दिसत नाही. तरीही अडत असेल तर त्यातली जास्त राखाडी घ्या. बरणीत झोपायची हौस असेल तर दुसरी.

उरलेला रंग किती दिवस टिकतो?

घट्ट झाकण लावून सावलीत ठेवला तर दोन-तीन वर्षं सहज. अर्धा डबा तसाच ठेवू नका, हवेमुळे साय धरते. काचेच्या लोणच्याच्या बरणीत गळ्यापर्यंत भरा, मात्र वर चिठ्ठी लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. चिठ्ठीवर शेडचा नंबर, बेस, कंपनी, खोली आणि तारीख लिहा. डब्यावरचं मशीनचं लेबल फाडून तिथेच चिकटवलं तर आणखी बरं. वर्षभरानं सोफा सरकवताना ओरखडा पडतो, मग लोक माझ्याकडे येऊन सांगतात, 'ताई, तो आपला जांभळा द्या की, मागच्या वर्षी नेला होता तो.'